सोन्याच्या नॅनोकणांवर आरएनए चढवताना
काचेची भांडी आधी अम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने) धुवा. इथे आळस केलात तर पुढचं सगळं वाया. उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात, म्हणजे सोन्याच्या पिवळ्या द्रावणात, सोडियम सायट्रेट एकदम ओता, ढवळत राहा. पिवळेपणा उडतो, काळपट जांभळं होतं आणि मग माणकासारखा लाल रंग चढतो. तो बघताना मला आजही भरून येतं. कण साधारण १३ नॅनोमीटरचे, प्रकाशाचं शोषण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास.

आता थायॉल (सोन्याला घट्ट धरणारा गंधकाचा गट) जोडलेला एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा, घाला. मीठ मात्र थोडं थोडं, तासनतास वाढवत न्या. घाई केली की कण एकमेकांना चिकटतात, द्रावण निळं पडतं. ते टाकूनच द्या. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असे कण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून दिले गेले आणि सोनं मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचलं! हातमोजे वरचेवर बदला, कातडीवरची एन्झाइमं आरएनएचे तुकडे करतात.