सेंट्रल लाइन आणि सोनोग्राफी: रेसिडेंटचा हात जोखताना या चुका टाळा

मानेतल्या सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी) सोनोग्राफी वापरा, अशी शिफारस ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००२ मध्ये केली. आता आपल्याकडेही मशीन हाताशी असतं. तरी परीक्षा घेताना आपण रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, हाताकडे बघत राहतो आणि स्क्रीन विसरतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

आडव्या छेदात जुग्युलर व्हेन (मानेतली मोठी शीर) काळी दिसते, सोनोग्राफीचा प्रोब दाबला की चपटी होते. शेजारची कॅरोटिड धमनी धडधडत राहते. सुई शिरली की पांढरा ठिपका उमटतो आणि रेसिडेंट म्हणतो, "सर, टोक दिसलं." पण ध्वनिलहरींचा पातळ पट्टा सुईला जिथे छेदतो तिथे ठिपका दिसतो. तो मधल्या दांड्याचाही असू शकतो. टोक तोवर शिरेची मागची भिंत फोडून पुढे गेलेलं असतं. सुई मागे घेताना रक्त येतं, लाइन बसते, मार्कही मिळतात!

म्हणून "टोक दाखव" म्हणा. प्रोब जरा पुढे सरकवला की ठिपका गेला पाहिजे, मागे आणला की परत यायला हवा. सुई प्रत्येक वेळी पुढे नेताना हे ज्याला जमतं, त्याचा हात बसला. डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालण्याआधी गाईडवायर (नळीला वाट दाखवणारी तार) शिरेतच आहे, हेही उभ्या छेदात दाखवायला लावा.

वेळ मोजायची तर कुठून कुठपर्यंत, ते आधी ठरवा. ड्रेपिंग (निर्जंतुक कापड अंथरणं) धरलं तर निर्जंतुकीकरणात घाई करणाराच पुढे जातो. "पहिल्याच प्रयत्नात" याचाही अर्थ पक्का करा: सुई त्वचेबाहेर न काढता दिशा बदलली, तर तो नवा प्रयत्न धरायचा का? मी दोन्ही आकडे वेगळे लिहितो. नुसत्या लॉगबुकातल्या (केलेल्या कामांच्या नोंदवहीतल्या) पन्नास नोंदींवरून काहीच कळत नाही.

चेकलिस्टवरही विसंबू नका. टोरंटोत १९९० च्या दशकात तयार झालेल्या ओसॅट्स या शस्त्रक्रियेचं कौशल्य जोखण्याच्या पद्धतीत चेकलिस्टच्या जोडीला एकूण सफाईचे गुण असतात, आणि नवखा-अनुभवी हा फरक त्या गुणांतूनच जास्त नीट कळतो. हे गुण शिकवणाऱ्याने एकट्याने देऊ नयेत, ओळखीचा चेहरा दिसला की पेन सैल होतं. रुग्णाची परवानगी घेऊन स्क्रीन आणि हात एवढंच रेकॉर्ड करा. ते दुसऱ्या युनिटच्या दोघांनी वेगवेगळं बघावं.