पहिल्या उड्डाणाआधी

सात वर्षं गॅरेजमध्ये खपून विमान उभं राहिलं की हात शिवशिवतात. पण इंधनाची चाचणी झाल्याशिवाय धावपट्टीकडे बघू नका. मोकळ्या जागेत, अर्थिंग करून, नाक चढणीच्या कोनात उचला. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवा, पंप चालू करा, बादलीत मिनिटाला किती पडतं ते मोजा. पूर्ण ताकदीला इंजिन जेवढं पितं त्याच्या किमान १२५ टक्के हवं; पंपाविना वरच्या टाकीतून आपसूक उतरत असेल तर १५० टक्के. माझं पहिल्यांदा कमी भरलं. गाळणी उघडली, तर जाळीला ॲल्युमिनियमची चुरी चिकटलेली, अगदी बारीक रव्यासारखी. टाकी तीनदा धुतली, मगच आकडा जमला.

स्टिक (विमान वळवायचा दांडा) उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर, डावं खाली. हे दुसऱ्याकडून तपासून घ्याच, आपली चूक आपल्याला दिसत नाही. आवळलेल्या प्रत्येक नटावर केशरी रेघ ओढा. सरकला तर लगेच कळतं.

नवं इंजिन जमिनीवर उगाच चालवत ठेवू नका, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत. इथे अमेरिकेत चाचणी-उड्डाणाचे साधारण २५ किंवा ४० तास ठरवून देतात. पहिल्या फेरीला एकटेच जा, विमानतळाच्या डोक्यावरच राहा.