१० नंबरला खेळताना अटॅक कसा वाढवला (माझा अनुभव)

मी मुंबईत क्लब रग्बी खेळतो, फ्लायहाफ (म्हणजे १० नंबर, बॉल घेऊन अटॅक चालवणारा). कोच सारखे म्हणायचे, बॉल आला की तू लाथ मारून मोकळा होतोस. पण खरी गोम पायात नव्हती, उभं राहण्याच्या जागेत होती. मी स्क्रमहाफपासून (मला बॉल देणारा ९ नंबर) इतका मागे असायचो की बॉल हातात येईपर्यंत डिफेन्सची अख्खी लाइन अंगावर आलेली असायची, मग किकशिवाय करणार काय!

मग पुढे सरकलो आणि मुख्य म्हणजे बॉल उभ्याने घेणं बंद केलं, पळत येऊनच घ्यायचा. पण आडवं पळायचं नाही हां, आडवं पळालं की आपल्याच सेंटरची (बाजूचा १२ नंबर) जागा आपण खातो. खांदे सरळ ट्रायलाइनकडे (जिच्यापलीकडे बॉल टेकवला की पॉइंट मिळतात), थेट डिफेंडरच्या आतल्या खांद्यावर जायचं, तो तुमच्यासाठी थबकला की मगच पास. स्कॉटलंडच्या फिन रसेलचे व्हिडिओ बघा, बॉल दोन्ही हातात धरून तो टॅकलच्या अगदी तोंडापर्यंत जातो, पास की डमी (खोटा पास) की ग्रबर (जमिनीलगत मारलेली किक) काही कळतच नाही.

हे करून बघायला स्क्रमचा (दोन्ही टीमचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून ढकलतात तो) बॉल बेस्ट, कारण समोरच्या बॅक्सना (मागच्या खेळाडूंना) ५ मीटर मागे राहावं लागतं, लाइनआउटला (बाहेर गेलेला बॉल आत फेकतात तेव्हा) तर १०. किक सोडलेली नाहीये, उलट ५०:२२ च्या (आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा घेऊन त्यांच्या २२ मीटरमध्ये बाहेर गेली की थ्रो आपल्याला) धाकाने त्यांचा विंगर (कडेचा खेळाडू) मागे थांबला की पुढच्या लाइनीत एक माणूस कमी, मी तिकडेच घुसतो. पास इंटरसेप्ट होतात (समोरचा मधेच पकडतो) अधूनमधून, होऊ देत. आमचा १२ नंबरवाला मात्र जाम खूश आहे.