रहिवासी भागात धंदा काढायचाय? बेळगावात अटींवरची परवानगी कशी घ्यायची

वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांत पुढच्या खोलीत माग आणि मागं स्वयंपाकघर अशी घरं आपण लहानपणापासून बघत आलोय. पण आता कुणी रहिवासी भागात नवीन लूम, क्लिनिक, बेकरी नाहीतर खानावळ काढली की शेजारी तक्रार देतो, नोटीस येते आणि मग वकील शोधत पळापळ. आधीच परवानगी काढा. रहिवासी झोन म्हणजे सगळंच बंद असं अजिबात नसतं.

कर्नाटकात १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली शहराचा मास्टर प्लॅन होतो आणि त्याच्या झोनिंग नियमात प्रत्येक झोनला दोन याद्या असतात. पहिलीतले वापर सरळ चालतात. दुसरीतले खास परिस्थितीत, नियोजन प्राधिकरणानं (बेळगावात बुडा, म्हणजे नगरविकास प्राधिकरण) बघून परवानगी दिली तरच. अमेरिकेतल्या शहरांत कंडिशनल यूज परमिट म्हणतात ते ह्या दुसऱ्या यादीच्या जवळचं. तुमचा धंदा दोन्हीत नसेल तर मात्र भूवापर बदलाची वाट धरावी लागते, म्हणजे कलम १४-ए, त्यात पेपरात जाहिरात देऊन लोकांना हरकतीसाठी कमीत कमी १५ दिवस द्यावे लागतात आणि सरकारची मंजुरीही लागते, ते काम मोठं.

तर पहिलं, जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. शहरात असाल तर झोनचं बुडाकडं आणि लायसनचं महापालिकेकडं. कॅम्पात असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथला कायदाच वेगळा. निपाणी, खानापूरवाल्यांनी आपल्या गावच्या पालिकेत नाहीतर नगरपंचायतीत विचारून सुरुवात करावी.

मग जागेचा सीटीएस (सिटी सर्व्हेचा) नंबर नाहीतर आर. एस. (जमिनीचा सर्व्हे) नंबर घेऊन झोन लेखी काढून घ्या. एजंटनं तोंडी सांगितलेल्या झोनवर ॲडव्हान्स देऊ नका. त्याच्याबरोबर एनएची (बिगरशेतीची) ऑर्डर काढून बघा, कारण एनए झालंय एवढंच पुरत नाही, ते रहिवासासाठी झालंय की व्यापारासाठी ते त्यात लिहिलेलं असतं. भाड्याची जागा असेल तर मालकाची लेखी संमती घ्या.

आता अर्ज, आणि सगळ्यात जास्त मेहनत इथं करायची. बहुतेक जण 'परवानगी मिळावी ही विनंती' एवढं लिहून मोकळे होतात. अधिकाऱ्याच्या डोक्यात असतं गाड्या कुठं लागणार, आवाज किती होणार, सांडपाणी कुठं जाणार, रस्ता किती रुंद आहे. त्याची उत्तरं तुम्हीच अटी म्हणून लिहून द्या. उदाहरणार्थ दोन लूम टाकायचे असतील तर लिहा की सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत चालवीन, मशीनखाली रबरी पॅड बसवीन, सामाईक भिंतीपासून जागा सोडीन. वडगावात घराला घर लागून आहे, आवाज एकवेळ सहन होतो पण शेजारच्या मांडणीवरची भांडी दिवसभर थरथरत राहिली की माणूस वैतागतो, आणि त्याचं चूक नाही. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, ती धरूनच बोला. नकाशात गाड्यांची जागा मापासकट दाखवा. पण जे पाळता येणार नाही ते कबूल करू नका, कारण तीच अट उद्या ऑर्डरमध्ये येऊ शकते आणि मोडली तर परवानगीच धोक्यात.

अर्ज देण्याआधी शेजाऱ्यांकडं जाऊन या. डाव्या, उजव्या, समोरच्या आणि मागच्या घरी नकाशा दाखवा, काय त्रास वाटतो ते विचारा, पटलं तर सह्या घ्या. अर्ध्या हरकती तिथंच मिटतात. आणि तुम्ही स्वतः शेजारी असाल आणि त्रास होणार असेल तर गप्प बसू नका. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत बिनधास्त द्या.

अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासकट घ्या. फाईल हलतच नसेल तर माहिती अधिकारात तिची स्थिती मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ऑर्डर कन्नडात येईल. नीट कन्नड येणाऱ्या माणसाला जवळ बसवून एकेक अट वाचून घ्या, मुदत आहे का, कुणाच्या नावावर आहे, किती मशीनसाठी आहे, सगळं. त्यानंतर महापालिकेचं ट्रेड लायसन, हेस्कॉम या वीज कंपनीकडं धंद्याप्रमाणे मीटरचा दर बदलून घेणं, खाण्याचा धंदा असेल तर फूडचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन, वर्कशॉप असेल तर प्रदूषण मंडळाची संमती लागते का ते विचारून घ्या. घरपट्टीही बदलते, ती आधीच हिशेबात धरा. ऑर्डरची एक झेरॉक्स दुकानात लावून ठेवा आणि नंतर मशीन वाढवायचं झालं तर आधी बुडात परत अर्ज द्या.