जुन्या गाडीचा गंज: लांबी भरण्याआधी पत्रा बघा

बडोद्यात जुनी फियाट किंवा अँबॅसेडर दुरुस्तीला काढणार असाल, तर रंग आणि इंजिन नंतर बघू. आधी एवढं विचारा की 31 जुलै 2019 च्या पावसात आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात ही गाडी कुठे उभी होती. विश्वामित्री नदीचं पाणी ओसरलं की गाडी धुऊन, सीट उन्हात वाळवून लोक मोकळे होतात. पण दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, शिरलेला गाळ तिथेच बसून राहतो. दर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरचा रंग मात्र वर्षानुवर्षं ठीक दिसतो.

फियाट 1100, तिचीच पुढची पद्मिनी आणि अँबॅसेडर, यांपैकी कोणालाच जुन्या जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, नाही. फरशी, सिल, खांब आणि छप्पर मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. सिल कुजली की गाडीचा कणाच कुजला. म्हणून कुजलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणत नाही. तो धोका झाकतो, आणि पुढचा मालक तो विकत घेतो.

गंज कुठे शोधायचा

सीट, गालिचा आणि त्याखालचा नमदा, म्हणजे फेल्टचा जाड थर, पूर्ण बाहेर काढा. नमदा हा मोठा गुन्हेगार. वरून कोरडा लागला तरी त्याची खालची बाजू महिनोन् महिने ओली राहते. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फरशीवर आणि सिलवर वीतभर अंतराने ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजलं तिथे टोक दाबा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं, तर खडूने गोल करा. बाहेरच्या बाजूला पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे खाली पत्र्याऐवजी जाड लांबी आहे.

दाराच्या खालच्या कडा, समोरच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे, हेडलाइटच्या मागे मडगार्डमध्ये साठलेली माती, डिकीत स्टेपनीची जागा, आणि बॅटरीचा ट्रे (तिथे ॲसिडही सांडलेलं असतं) या सगळ्या जागा बघाच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आधार जिथे बॉडीला जोडलेले असतात ते भाग. तिथला पत्रा गेला असेल, तर घरी हात घालू नका. ते काम अशा गाड्यांचे सांगाडे बांधलेल्या मिस्त्रीचंच.

दोन पत्र्यांच्या सांध्यात फुगवटा दिसला, तर तो हलका समजू नका. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे तो सांध्यात फुगून स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके, उचकटून काढतो. असा सांधा वरून घासून बरा होत नाही, उघडावाच लागतो.

कापण्याआधी

बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी काढून कामाच्या जागेपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण तिच्यात वाफ असते. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग बाजूला घ्या. फरशीखालचा डांबराचा जुना थर वेल्डिंगच्या उष्णतेने पेटतो, म्हणून तेवढ्या भागातून तो आधी खरवडा, आणि अग्निशामक हाताशी ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा घासताना चांगला मास्क हवा आणि मुलं आसपास नकोत.

सिल कापायची असेल, तर गाडी सपाट जमिनीवर चारही बाजूंनी सारख्या आधारावर ठेवा आणि दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप तात्पुरते वेल्ड करा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधून बसते, आणि मग दारं आयुष्यात नीट लागत नाहीत.

आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. ते हौसेसाठी नाहीत. 2021 मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा अशी अट आहे. कुजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा पत्रा बसवला, हे दाखवायला फोटोंसारखा पुरावा नाही.

ठिगळ

डोळ्यांना दिसणाऱ्या गंजापुढे दोन-तीन सेंटिमीटर जाऊन, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. कापताना जीव कळवळतो, भोक मोठं होत जातं, तरी इथे दया दाखवू नका. अर्धवट कुजलेल्या कडेला वेल्ड धरतच नाही, पत्रा विरघळून मागे सरकतो. आता पुठ्ठ्याचा नमुना कापून भोकात बसवा, मग तो पत्र्यावर उतरवा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यापासून तडा सुरू होतो. मूळ पत्र्याची जाडी मोजूनच नवा घ्या. बाहेरच्या अंगाला साधारण 20 गेज, म्हणजे 0.9 मिलिमीटरच्या आसपास, आणि फरशीला, सिलला 18 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा चालतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा टाळा, वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताच्या धुराने ताप भरतो.

बाहेरून दिसणाऱ्या भागात ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवू नका. दोन थरांच्या मध्ये पाणी शिरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तीच रेघ रंगावर उमटते. कडेला कड भिडवा, मध्ये सुमारे एक मिलिमीटर फट ठेवा. फरशीला चढवलेला सांधा चालतो, पण वरून-खालून सीलंट भरायलाच हवं.

गॅस वेल्डिंगमध्ये हात बसलेले जुने मिस्त्री सुंदर काम करतात, पण त्याची उष्णता लांबवर पसरते. शिकणाऱ्याने मिग मशीन (तार आपोआप पुढे सोडणारं विजेचं वेल्डिंग) आणि 0.6 किंवा 0.8 मिलिमीटरची तार घ्यावी. पहिला टाका, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका, एका कोपऱ्यात, दुसरा थेट समोरच्या. मग मधोमध, मग पुन्हा दुसऱ्या टोकाला. टाका मारल्यावर लाल ठिपका काळा पडतो, भोवती निळसर कडं उमटतं. ते कडं जेवढं लहान, तेवढा पत्रा कमी वाकणार. पत्रा कोमट झाल्याशिवाय शेजारी टाका नको. गार करायला ओलं फडकं लावू नका, हवा मारा. टाके एकमेकांना मिळेपर्यंत हेच चालू राहतं, आणि चांगला पत्रेकाम करणारा ओळखायचा तो याच धीरावरून. घाईत एक सलग रेघ ओढणाऱ्याचा पत्रा लाटेसारखा उठतो. मग ती लाट झाकायला लांबी येते.

वेल्ड ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप डिस्कने (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांच्या चकतीने) हलकेच सपाट करा, शेजारचा पत्रा पातळ होऊ देऊ नका. राहिलेले खोलगट भाग मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने उठवा. ठोके हलके आणि पुष्कळ हवेत, जोराने मारलं तर पत्रा ताणला जातो.

थर कोणत्या क्रमाने

उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रावण) लावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी दोन घटकांचा ईपॉक्सी प्रायमर मारा. लांबी त्याच्यावर, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. लांबी पाणी शोषते, म्हणून उघड्या लांबीला ओला वॉटर पेपर लावू नका, कोरडी घासा. मग सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा थर), मग रंग. बडोद्यात हे सगळं दिवाळी ते होळीच्या दरम्यान करावं. जूननंतरच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

पोकळ भागांत ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं पातळ मेण, फवारा, पण सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर, कारण मेण लागलेल्या जागी रंग धरत नाही. दारांच्या आणि सिलच्या खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. अंडरबॉडी कोटिंग मारणारे ती हमखास बुजवतात, म्हणून आधी टेप लावायला सांगा.

शेवटी नमदा न घालता गाडीवर दहा-पंधरा मिनिटं पाइपने पाणी सोडा आणि एकाला आत टॉर्च घेऊन बसवा. काचेच्या रबराखालून, दाराच्या पट्टीतून, हीटरच्या भोकातून, जिथून थेंब येईल तिथे खूण करा आणि ती वाट बंद करूनच गालिचा अंथरा. पुढे दर मे महिन्यात ती निचऱ्याची भोकं एकदा तारेने साफ करा.