अमेरिकेचं साठचं दशक अभ्यासायला घेताय? आधी एक शहर धरा

अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर घेतला असेल, साठच्या दशकावर लघुप्रबंध करायचा असेल किंवा सेट-नेटसाठी हा भाग वाचत असाल, तर केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग, व्हिएतनाम, वुडस्टॉकचा संगीत महोत्सव ही नावं तुमच्या ओळखीची आहेत असं मी धरून चालते. घटनाक्रम कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला एका समजाबद्दल बोलायचं आहे. या विषयात शिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो धरतो, मलाही त्यानं धरलं होतं, आणि वेळीच सुटला नाही तर पुढचं सगळं वाचन वाकडं होत जातं.

समज असा: १९६० साल उजाडलं, तरुण पिढी चिडली, रस्त्यावर आली आणि समाज बदलला. यासाठी शब्दही ठरलेले असतात. लाट, वादळ, उद्रेक, ठिणगी. हे शब्द कागदावर उतरले की कारणं शोधायची गरजच वाटेनाशी होते, कारण लाट आपोआप येते, तिला कुणी आणावं लागत नाही. उत्तरपत्रिका छान सजते, पण परीक्षकानं एकदा "कसं झालं?" विचारलं की गप्प बसायची वेळ येते.

ग्रीन्सबरोचंच घ्या. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या या गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात, फक्त गोऱ्यांना वाढलं जाई त्या काउंटरवर जाऊन बसले. बघता बघता दक्षिणेतल्या गावोगावी तसंच सुरू झालं. इथं "ठिणगी पडली" लिहायचा मोह होतोच. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९५८ मध्ये, कॅन्ससमधल्या विचिटात आणि ओक्लाहोमा सिटीत लोक असेच काउंटरवर बसले होते. ओक्लाहोमा सिटीत तर क्लारा लूपर या शिक्षिकेसोबत शाळकरी मुलं होती.

आता टेनेसीतल्या नॅशव्हिलकडे या. इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माझा गुंता इथंच सुटला. नॅशव्हिलमधलं धरणं-आंदोलन १३ फेब्रुवारी १९६० ला सुरू झालं. नुसत्या तारखा पाहिल्या तर त्यांनी ग्रीन्सबरोचं बघून केलं असं वाटेल. प्रत्यक्षात १९५८ पासून तिथल्या एका चर्चमध्ये विद्यार्थ्यांचे प्रशिक्षणवर्ग चालू होते आणि जेम्स लॉसन नावाचे तरुण धर्मोपदेशक ते घेत होते. वर्गात चक्क तालीम चाले. काहीजण काउंटरवर बसल्यासारखे खुर्च्यांवर बसत, बाकीचे गुंड होत. ते शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, बसलेल्यांना खुर्चीवरून खाली ओढत. बसलेल्यानं हात उचलायचा नाही. खाली पडताना डोकं कसं सांभाळायचं, शेजाऱ्याला जास्त मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, याचाही सराव होई. १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांनी दोन मोठ्या दुकानांत जाऊन चाचपणी करून घेतली. बसायचं, नकार मिळाला की व्यवस्थापकाला कारण विचारायचं आणि परत यायचं, एवढंच.

म्हणून २७ फेब्रुवारीला जमावानं मारहाण केली आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांनाच पकडलं, तेव्हा कुणी पांगलं नाही. एक रांग पोलीस गाडीत गेली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. त्या दिवशी ८१ जणांना अटक झाली. पुष्कळांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला. ईस्टरच्या ऐन खरेदीत शहरातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारपेठेवर बहिष्कार घातला. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला आणि त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा महापौरांच्या दारात गेला. तिथं डायन नॅश या विद्यार्थिनीनं महापौरांना थेट विचारलं, केवळ वर्णावरून माणसामाणसात भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का? त्यांना "नाही" म्हणावं लागलं. १० मे रोजी काउंटर खुले झाले.

यात उद्रेक कुठं दिसतो? मला दिसते ती तयारी, हिशेब, आणि दुकानदाराच्या गल्ल्यावर नेमकं बोट ठेवणं.

आपल्याकडच्या वाचकानं हेही लक्षात ठेवावं, की लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपुरात होते. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगून ते इथं आले, हिस्लॉप कॉलेजात शिकवत, मुलांचे खेळ घेत आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत. मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी १९५५ मध्ये शहरातल्या बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पण नव्यानं लिहिणाऱ्यांना कळकळीनं सांगते, यावरून "गांधींनी अमेरिका बदलली" असा प्रबंध रचू नका. कृष्णवर्णीय चर्चची संघटना, न्यायालयात अनेक वर्षं चाललेले खटले, कृष्णवर्णीय महाविद्यालयं हे सगळं तिथलं होतं. नागपूरहून एक तंत्र गेलं, माणसं तिथंच घडली.

बस-बहिष्काराचंही तेच. दमलेल्या एका बाईनं जागा सोडली नाही आणि इतिहास घडला, ही गोष्ट कृपा करून लिहू नका. रोझा पार्क्स नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या आणि त्या उन्हाळ्यात कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या अटकेच्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजातल्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि दुसऱ्या दिवशी ती गावभर वाटली गेली. महिलांची संघटना आधीपासून उभी होती म्हणून हे एका रात्रीत जमलं. बहिष्कार पुढं ३८१ दिवस टिकला.

तेव्हा कुठलीही घटना समोर आली की मी काही ठरावीक प्रश्न विचारते. हे कुठल्या खोलीत ठरलं? त्या खोलीत कोण होतं? पैसा कुणाचा? ती माणसं आधी कुठं काम करत होती? कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातलं १९६४ चं भाषणस्वातंत्र्य आंदोलन नुसतं वाचलं तर विद्यापीठाशी झालेलं भांडण वाटतं. पण त्यातला प्रमुख वक्ता मारिओ साव्हिओ १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत मतदार नोंदणीचं काम करून आला होता, आणि विद्यापीठानं बंदी घातली ती आवारात अशाच कामासाठी टेबल मांडून पैसे आणि माणसं गोळा करण्यावर. हा धागा हाती आला की निम्मं दशक एका सुतात येतं.

दुसरी गोष्ट स्पष्टच सांगते. बदलाला विरोध करणारे वाचले नाहीत तर तुमचा अभ्यास अर्धाच राहील. गॅलप संस्थेच्या १९६६ च्या मतपाहणीत किंग यांच्याबद्दल प्रतिकूल मत असणारे ६३ टक्के होते. व्हर्जिनियातल्या लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आंतरवर्णीय विवाहावरची बंदी उठवली, तेव्हा १६ राज्यांत ती बंदी होती, आणि पुढच्या वर्षीही अशा विवाहांना पसंती देणारे लोक जेमतेम २० टक्के होते. व्हिएतनाम युद्धाला तिशीच्या आतल्यांचा पाठिंबा म्हाताऱ्यांपेक्षा जास्त होता, हे पाहणीचे आकडे पाहीपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे निक्सन यांना ४३.४ टक्के आणि वर्णभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्के मतं पडली. ती बेरीज तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. शिवाय १९६० सालीच पुराणमतवादी तरुणांनीही आपली देशव्यापी संघटना काढली होती. त्यातूनच पुढं गोल्डवॉटर आणि रेगन या पुराणमतवादी नेत्यांना कार्यकर्ते मिळाले. साठच्या दशकातला तरुण म्हणजे लांब केसांचा हिप्पी, हे चित्र डोक्यातून काढून टाका.

गर्भनिरोधक गोळीबद्दल थोडक्यात: मान्यता १९६० ची, पण विवाहित जोडप्यांचा हक्क न्यायालयानं मानला १९६५ मध्ये आणि अविवाहितांचा १९७२ मध्ये. शोध, कायदा आणि घराघरातलं वागणं यांच्या तारखा वेगवेगळ्या ठेवा. "गोळी आली, स्त्री मुक्त झाली" या वाक्याला गुण मिळत नाहीत आणि मिळूही नयेत.

मोठमोठे बदल कधीकधी गाजावाजा न होता येतात, हे १९६५ च्या स्थलांतर कायद्यात दिसतं. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम १०० जागांचा कोटा होता. तो कायदा झाला म्हणून पुढं मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेत जाऊ शकले. मैदानात लाखो लोक जमले नव्हते, तरी आज त्या देशाचं रूप जे काही पालटलंय त्यात या कायद्याचा वाटा वुडस्टॉकपेक्षा कितीतरी मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता दलित पँथर. मुंबईत १९७२ मध्ये संघटना स्थापन झाली आणि नाव कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं, त्यामुळं तुलनेवर लिहायचा मोह आपल्याला फार होतो. लिहा, पण आधी १९६६ पासूनचं ओकलंड नीट वाचा. पोलिसांवर नजर ठेवणारी गस्त, १९६९ पासून मुलांसाठी सकाळची न्याहारी, हे त्या पक्षाचं रोजचं काम होतं. नाव सारखं म्हणून प्रश्न सारखे होत नाहीत.

अभ्यास कसा करावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत. तयार नोट्स घटनाक्रमापुरत्या ठीक. त्यांतली विशेषणं मात्र उचलू नका. मार्गदर्शक मोठ्या नावाचा असण्यापेक्षा तुमचं प्रकरण वाचून समासात "पुरावा?" लिहिणारा असावा. नुसती पुस्तकांची यादी हातात देऊन वर्षभर न भेटणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यावर रुसण्यात वेळ घालवू नका, ज्याच्याकडून प्रश्न मिळतील त्या कनिष्ठ प्राध्यापकाला गाठा.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर तीही जाते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या लांबलचक मुलाखती फुकट आहेत, सोबत लिखित संहिताही आहे. दक्षिणेतला उच्चार सुरुवातीला कळत नाही. संहिता समोर ठेवून ऐकत राहा, कान बसतो. तुमचं कॉलेज छोटं आहे, ग्रंथालयात काही नाही, म्हणून हा विषय आपला नाही असं अजिबात समजू नका. मूळ साधनं घरबसल्या मिळतात असे विषय फार थोडे असतात.

आणि विषय अजून ठरला नसेल तर कॅलिफोर्नियातलं डेलानो घ्या. १९६५ च्या सप्टेंबरात तिथल्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलिआँग यांच्या पुढाकारानं फिलिपिनो मजुरांनी संप केला, आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांची मेक्सिकन-अमेरिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली, देशभरातल्या गिऱ्हाइकांनी द्राक्षं घेणं सोडलं आणि १९७० मध्ये मळेवाल्यांना करार करावे लागले. आमच्या विभागात यावर लघुप्रबंध करताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.