बाजाररचनांचा अभ्यास: एकच उदाहरण सगळ्या बाजारांतून न्यावे

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी आणि अल्पाधिकार (मोजकेच विक्रेते असलेला बाजार) ही प्रकरणे अनेक विद्यार्थी सुटी सुटी पाठ करतात आणि परीक्षेत आकडे बदलले की अडतात. त्याऐवजी एकच मागणी समीकरण घेऊन ते प्रत्येक बाजारात स्वतः सोडवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

समजा, किंमत म्हणजे १०० वजा एकूण उत्पादन, सीमांत खर्च (एक नग जास्त बनवण्याचा खर्च) १० रुपये आणि स्थिर खर्च शून्य. पूर्ण स्पर्धेत किंमत सीमांत खर्चाइतकी, म्हणजे १० रुपये, आणि उत्पादन ९० नग. मक्तेदाराची सीमांत प्राप्ती, म्हणजे एक नग जास्त विकल्याने उत्पन्नात पडणारी भर, मागणीरेषेच्या दुप्पट उताराने उतरते. म्हणून तो ४५ नगच विकतो, किंमत ५५ रुपये होते आणि नफा २,०२५ रुपये. आकृती हाताने काढून समाजाच्या निव्वळ हानीचा (उत्पादन घटल्याने कोणालाच न मिळणाऱ्या लाभाचा) त्रिकोण १,०१२.५० रुपयांचा येतो का, हे जरूर पडताळावे.

खरी कसोटी फ्रेंच अर्थतज्ज्ञ कूर्नोच्या १८३८ सालच्या, दोन विक्रेत्यांच्या प्रतिमानात लागते. येथे प्रत्येक विक्रेता दुसऱ्याचे उत्पादन स्थिर धरून आपले उत्पादन ठरवतो. त्यामुळे पहिल्याचे उत्पादन ४५ वजा दुसऱ्याच्या उत्पादनाचा निम्मा भाग, ही त्याची प्रतिक्रिया रेषा होते, दुसऱ्याचीही तशीच. दोन्ही रेषा छेदतात तेथे प्रत्येकी ३० नग, किंमत ४० रुपये आणि प्रत्येकी नफा ९०० रुपये. येथे एक चूक वारंवार होते: दोघे सारखेच आहेत म्हणून विकलन (डिफरन्शिएशन) करण्यापूर्वीच दोन्ही उत्पादने समान मांडली जातात. तसे केल्यास प्रत्येकी २२.५, म्हणजे एकूण ४५ नग येतात. हे मक्तेदाराचेच उत्तर आहे, कारण समीकरणात आपण नकळत दोघांना संगनमत करायला लावलेले असते. म्हणून आधी विकलन करावे, समानता नंतर मांडावी.

फ्रेंच गणितज्ञ बर्ट्रांडने १८८३ साली उत्पादनाऐवजी किंमत हे निर्णयाचे साधन मानले. वस्तू एकसारखी असेल, तर दोनच विक्रेते असूनही किंमत १० रुपयांवर येते, कारण प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा किंचित स्वस्त विकून ग्राहक ओढू पाहतो. म्हणून कोणतेही गणित सुरू करण्यापूर्वी, विक्रेता काय ठरवतो आणि काय स्थिर धरतो, हे वहीत एका वाक्यात लिहावे. मक्तेदारीयुक्त स्पर्धेसाठी (अनेक विक्रेते, पण प्रत्येकाची वस्तू थोडी वेगळी) मात्र वस्तुभेद गृहीत धरावा लागतो, तेव्हा ती वेगळ्या उदाहरणाने शिकावी.

शेवटी कूर्नोच्या उदाहरणात दुसऱ्या विक्रेत्याचा सीमांत खर्च २५ रुपये करून पुस्तक न उघडता सोडवावे. उत्पादन ३५ व २० नग आणि किंमत ४५ रुपये यायला हवी.